बारावीनंतर सायबर सिक्युरिटी शिकायची आहे. सांगली सोडून पुण्यालाच जावं लागेल का?

नाही, विश्रामबागच्या वालचंद कॉलेजात कॉम्प्युटर किंवा आयटीला प्रवेश मिळत असेल तर बिनधास्त सांगलीतच राहा. मी रोज नेटवर्क सांभाळतो, त्या अनुभवावरून सांगतो: डिग्रीवर 'सिक्युरिटी' छापलंय की नाही, याने फारसं अडत नाही. अडतं ते नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम आणि लिनक्स कच्चं राहिलं की. क्रिप्टोग्राफीचे, म्हणजे माहिती गुप्त करण्याच्या शास्त्राचे, आयआयटीचे तास एनपीटेल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकट आहेत.

खरी गोडी हाताने करून बघण्यात आहे. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) साधं लॉगिन पान चालवा, नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारं वायरशार्क लावा आणि पासवर्ड टाका. एचटीटीपी असेल तर तुमचा पासवर्ड अक्षरन् अक्षर पॅकेटमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यात, दिसतो. एचटीटीपीएस केलं की नुसता गिचमिडा. एचटीटीपीएसमागचं टीएलएस, म्हणजे डेटा गुप्त करून पाठवायची पद्धत, कशासाठी, ते त्या एका संध्याकाळी डोक्यात बसतं.

फक्त हे प्रयोग स्वतःच्याच मशीनवर करा. कॉलेजच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर परवानगीशिवाय हात घालू नका. आयटी कायदा 2000 च्या कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.