मुलगा साइटवर नुसत्या नोंदी लिहितो

प्रश्न : मुलगा सिव्हिल इंजिनिअर. वर्षभरापासून कऱ्हाडजवळ रस्त्याच्या कामावर कंत्राटदाराकडे प्लॅनिंगला आहे. दिवसभर प्रिमाव्हेरा (कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) आणि हिंडरन्स रजिस्टर (कामातल्या अडथळ्यांची नोंदवही). बरोबरीची मुलं प्रत्यक्ष काम शिकतात, हा कारकुनी करतो. नोकरी बदलायला सांगू का? – एक वडील, सांगली

उत्तर : इतक्यात नको. या ‘कारकुनी’वरच मोठमोठे दावे तरतात किंवा बुडतात. काम रखडलं की भांडण एकच, कोणामुळे? जागा उशिरा मिळाली असेल तर मुदतवाढ मिळते, कधी भरपाईही. कंत्राटदाराची ढिलाई असेल तर त्याच्याच बिलातून दंड कापला जातो. हा वाद लवादापुढे जाईपर्यंत साइटवरची माणसं पांगलेली असतात, आणि मग कागदच बोलतो.

तो कागद कसा असावा? ‘विजेच्या खांबांमुळे काम बंद’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कोणत्या चेनेजला (रस्त्याच्या सुरुवातीपासून किती अंतरावर), डाव्या बाजूला की उजव्या, किती खांब, कोणता पोकलेन किती तास उभा, त्या दिवशी कोणतं पत्र गेलं आणि काम देणाऱ्याच्या इंजिनिअरची सही, हे सगळं हवं. शिवाय ते काम क्रिटिकल पाथवर होतं का, म्हणजे ते लांबलं की अख्खं काम लांबतं का? तेवढा फ्लोट, म्हणजे हाताशी मोकळा वेळ, शिल्लक असेल तर खांब महिनाभर राहूनही शेवटची तारीख हलत नाही. म्हणून मंजूर बेसलाइन (मूळ वेळापत्रक) आणि दर महिन्याचं अपडेट वेगवेगळं जपायचं, जुन्यावर नवं सेव्ह करायचं नाही. पावसाळा म्हणाल, तर नेहमीचा पाऊस बेसलाइनमध्ये धरलेलाच असतो. त्यावर मुदतवाढ मागणारे पुष्कळ, मिळणारे थोडे.

मुदतीही कडक असतात. फिडिकच्या (सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नमुना करारात 28 दिवसांत नोटीस द्यावी लागते, सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या) अटींत 14 दिवसांत अर्ज.

तुमची काळजी एका बाबतीत रास्त आहे. साइट न पाहता केलेलं शेड्यूल पोकळ असतं. त्याने रोज एक फेरी मारावी, जमल्यास सहा महिने एक्झिक्यूशनला, म्हणजे प्रत्यक्ष कामावर, मागून घ्यावेत. कराराच्या अटी मुळातून वाचाव्यात, इंग्रजी पत्रलेखन सुधारावं. पुण्याच्या निकमारसारख्या, बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या ठिकाणचं शिक्षण नंतर, अनुभव गाठीशी आल्यावर. पुढे क्लेम (दाव्यांचा) सल्लागार किंवा लवादातला तज्ज्ञ होता येतं. परदेशातही ही कामं आहेत.

मात्र वरिष्ठ त्याला मागच्या तारखा टाकून रजिस्टर भरायला लावत असतील, तर नोकरी बदलायला जरूर सांगा.