संमती देऊन भाऊ फिरला, शेततळ्याचं अनुदान अडकलं

प्रश्न : मी सांगोला तालुक्यातला डाळिंब उत्पादक. वडिलांच्या माघारी आम्हा दोघा भावांचा एकच सातबारा आहे, वाटणी तोंडी. थोरल्या भावाचं नोटरी केलेलं संमतीपत्र जोडून महाडीबीटीवर (शासनाच्या योजनांच्या संकेतस्थळावर) शेततळ्याचा अर्ज केला. निवड झाली, कृषी खात्याची पूर्वसंमती आली, उसनवारी करून तळं खोदलं. आता भावानं कृषी कार्यालयाला पत्र दिलंय : संमती रद्द समजावी, हा बोअरचं पाणी तळ्यात भरतो म्हणून माझी विहीर आटली. हे खोटं आहे. साहेब म्हणतात, आधी घरातलं मिटवा. अनुदान बुडणार का? तळं बुजवावं लागेल का?

उत्तर : एका पत्रावरून तळं बुजवायला कोणी लावू शकत नाही. तसा हुकूम फक्त कोर्ट देईल, आणि त्यासाठी भावाला दावा टाकावा लागेल. तो टाकण्याआधी तुम्ही सांगोल्याच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनाई हुकूम सहसा निघणार नाही. कॅव्हेट 90 दिवस चालतं. नंतर पुन्हा द्यावं लागतं.

आता संमतीचं. सामाईक जमिनीत प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क गुंठ्यागुंठ्यात असतो, म्हणून तर कार्यालय संमती मागतं. पण ती दिल्यावर, तिच्या भरवशावर तुम्ही कर्ज काढून खोदकाम केल्यावर भावाला ‘मी नाहीच म्हणत होतो’ असं म्हणता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 121 मागचं तत्त्व हेच. जुन्या पुराव्याच्या कायद्यात हे कलम 115 होतं, वकील त्याला एस्टॉपेल म्हणतात. मात्र संमतीपत्र एकदा नीट वाचा. तळ्याची जागा आणि लांबी-रुंदी त्यात लिहिलेली असेल तर तुमची बाजू भक्कम. नुसतं ‘गटात शेततळ्यास हरकत नाही’ असेल, तर भाऊ म्हणेल की तळं इथं नको होतं. अशा वेळी त्या तुकड्यावर वहिवाट तुमची होती हे ई-पीक पाहणीवरून (मोबाइलवर केलेल्या पिकाच्या नोंदीवरून) दाखवा.

शासनानं 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आणलं तेव्हा कमाल अनुदान 50 हजार होतं, पुढे ते 75 हजारांवर गेलं. ही रक्कम भीक नाही. पूर्वसंमती हा शासनाचा लेखी शब्द आहे, आणि त्यावर विसंबून खर्च करणाऱ्याला सरकारनं वाऱ्यावर सोडू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या निकालात डिसेंबर 1978 मध्येच सांगून ठेवलंय. भावकीतला वाद मिटवणं हे कृषी अधिकाऱ्याचं कामही नाही. पण तोंडी उत्तराविरुद्ध भांडता येत नाही. म्हणून तालुका कृषी अधिकाऱ्यांना अर्ज द्या, पोच घ्या, मागणी एकच ठेवा : अनुदान द्या, नाहीतर कारणांसह लेखी आदेश द्या. सोबत माहितीच्या अधिकारात भावाच्या पत्राची आणि फाइलवरच्या शेऱ्यांची प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. लेखी नकार आला किंवा काहीच आलं नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. सोलापूर जिल्ह्याला त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे.

याचिकेआधी मात्र मला तुमच्याशी त्या बोअरबद्दल बोलायचंय. तुम्ही लिहिलंय की भाऊ खोटं बोलतो, पण बोअरचं पाणी तळ्यात सोडता की नाही, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. शेततळं पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायला असतं. तुमच्या भागात उन्हाळ्यात बोअर चालवून तळी भरतात हे मला ठाऊक आहे, आणि बाग जगवायची तगमगही मी समजू शकतो. पण जमिनीतलं पाणी उपसून उघड्यावर उन्हात वाळवायचं आणि त्यालाच जलसंधारण म्हणून पैसे मागायचे, हे न्यायाधीशापुढं मला सांगता येणार नाही. बोअर सामाईक गटात असेल तर त्या पाण्यावर भावाचाही हक्क आहे. बोअरची पाइपलाइन तळ्यात येत असेल तर ती आजच तोडा. मग भावाच्या तक्रारीत जीव उरणार नाही, कदाचित भांडणातही.

आणखी एक. तुम्हाला बहिणी आहेत का? आई हयात आहे का? वारस म्हणून त्यांची नावं सातबाऱ्यावर असतील तर त्यांचीही संमती लागत होती. राहिली असेल तर आत्ता घ्या, भावाच्या वकिलानं ती चूक शोधायच्या आधी.

तोंडी वाटणी कागदावर आणणं हा यातला कायमचा उपाय. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज पुरतो. तुकडेबंदीत (जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्यात) काही अडकत नाही ना, हे तलाठ्याकडून आधी पाहून घ्या. राजी नसतील तर वाटपाचा दावा. त्यातही ज्यानं सुधारणा केली, त्याच्या वाट्याला शक्यतो तोच भाग येईल असं कोर्ट बघतं, म्हणून खोदाईची बिलं, मशीनचे तास लिहिलेली वही, कृषी सहायकानं घेतलेली मापं हे सगळं जपून ठेवा.

संमतीपत्राची आणि पूर्वसंमतीची झेरॉक्स मला पाठवा. कॅव्हेटचा मसुदा त्यावरून करून देतो.