टोकाला उडणारी कपची

प्रश्न : काका, औलीला न्यायला घरीच स्कीची जोडी करतोय. पॉपलर लाकडाच्या पट्ट्या उभ्या चिकटवून गाभा केला. तो मध्ये ११ मिमी आणि दोन्ही टोकांना २ मिमी हवाय. खाली ढाळाची फळी ठेवून प्लॅनरमधून, म्हणजे जाडी तासणाऱ्या मशीनमधून काढतो, तर टोकाजवळ कपच्या उडतात. एक टोक तुटलंसुद्धा. काय चुकतंय?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : मी बर्फ पाहिलाय तो गोळ्याचा. पण ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, बत्तीस वर्षं घडवले, तेव्हा कपचीशी जुनी ओळख आहे.

एक सांगा, तुटलं ते मशीनमध्ये आधी शिरलेलं टोक ना? प्लॅनरची पाती लाकडाच्या चालीविरुद्ध फिरतात. म्हणजे पुढच्या अर्ध्या भागावर ती पातळाकडून जाडाकडे, चढावर कापतात. तुमच्या गाभ्याचे रेषे लांबीत सरळ आहेत, पण उतार त्यांना छेदून जातो. प्रत्येक रेषा उतारावर कुठेतरी संपतो, कौलांच्या कडांसारखी. वरून खाली हात सहज घसरतो. खालून वर नेला की कडेखाली अडकतो. पातं तेच करतं. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून आम्हीही ढाळ द्यायचो, आणि पहिल्याच वर्षी उलटा रंधा मारून मी सागाचा चांगला तुकडा घालवला होता. उस्ताद काही बोलले नाहीत, कपची तेवढी माझ्या हातावर ठेवली.

तर प्लॅनरवर हव्या जाडीच्या वर एक-दीड मिमी ठेवूनच थांबा, आणि एका फेरीत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त काढू नका. गाभा फळीवर डबल टेपने पूर्ण लांबीभर चिकटवा, नुसती टोकं नव्हे. पातळ टोक मोकळं राहिलं की फडफडतं आणि पात्यात ओढलं जातं. पुढचं काम हातरंध्याने : पातं ताजी धार लावलेलं, रंधा जरा तिरका, आणि दर वेळी मधून टोकाकडे. परत येताना उचलून आणा. शेवटचा अर्धा मिमी पॉलिश पेपरला सोडा. कागद सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, बोटांनी दाबून नव्हे.

नवा गाभा कराल तेव्हा दोन्हीकडे दीडशे मिमी जादा लांबी ठेवा, जे बिघडेल ते त्यात बिघडू दे. चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टीची कड पाहा. रेषे तिरके पळत असतील ती बाजूला काढा. एक पट्टी सुलट, शेजारची उलट असली तर रंधा कुठूनही मारा, एकीची कपची निघणारच.

तुटलेलं टोक जोडत बसू नका. पॉपलर स्वस्त आहे.