ऑर्किड घेताना आधी खिडकी बघा

दिवाळीत ऑर्किडच्या कुंड्या भेट म्हणून घरोघर जातात. फुलं गळून गेली की पत्रं यायला लागतात. त्यांतले काही प्रश्न आज घेतो आहे.

फॅलेनॉप्सिस या जातीच्या ऑर्किडची फुलं अडीच-तीन महिने टिकली. आता वर्ष होत आलं, पानं हिरवीगार आहेत, पण फुलांचा दांडा काही येत नाही. खत वाढवू का? (ठाणे)

खताला हात लावू नका. तुमच्या घरात कमी आहे ती थंडीची. काही आठवडे तापमान साधारण २५ अंशांच्या आत राहिलं, तरच या झाडाला नवा दांडा फुटतो. विकणारे तो थंडावा कृत्रिमरीत्या देतात, म्हणून बाजारात बाराही महिने फुललेली झाडं दिसतात. डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्री उघड्या खिडकीपाशी ठेवा. एसीच्या खोलीतही काम होतं, फक्त झोत थेट अंगावर नको.

शिवाय ‘हिरवीगार’ या शब्दानेही मला शंका आली. पानं गर्द काळपट हिरवी असतील तर उजेड कमी पडतोय. ती पोपटीकडे झुकणारी हवीत. पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन सर्वांत उत्तम. जुना दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या डोळ्याच्या वर कापा, कधीकधी तिथूनच फाटा फुटतो. वाळला असेल तर बुडापासून काढा.

खरं सांगायचं तर मुंबई-ठाण्यात फॅलेनॉप्सिस म्हणजे तीन महिने टिकणारा पुष्पगुच्छ, असं समजून घेतलेलं बरं. दरवर्षी फुलं हवी असतील तर डेन्ड्रोबियम जातीचं ऑर्किड घ्या. त्याला आपली दमट, उबदार हवा मानवते. मात्र त्याला उजेड जास्त लागतो, त्यामुळे बाल्कनीत निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी असेल तर ते रमतं. उजेडच नसेल तर कुठलंच ऑर्किड घेऊ नका, मनी प्लँट लावा.

रोज न चुकता पाणी घालते, तरी पानं लुळी पडून सुरकुतली आहेत. (पुणे)

रोज घालता म्हणूनच. पानं मलूल दिसली की आपण पाणी वाढवतो, आणि आधीच कुजत असलेली मुळं आणखी कुजतात. घरात ठेवायची बहुतेक ऑर्किड मूळची झाडांच्या फांद्यांवर राहणारी. त्यांच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखा थर असतो. तो पावसात पाणी शोषून घेतो आणि मग वाऱ्यावर वाळतो. हे वाळणंही त्याला पाण्याइतकंच लागतं.

झाड कुंडीतून बाहेर काढा. कडक मुळं ठेवा, तपकिरी होऊन दाबल्यावर लिबलिबीत लागणारी निर्जंतुक कात्रीने कापा. नर्सरीतून आलेल्या कुंडीत मुळांच्या मधोमध शेवाळाचा एक घट्ट बोळा असतो. बाहेरून कोरडा वाटला तरी तो आत ओलाच असतो, तोही काढून टाका. मग कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एवढ्यातच लावा. माती नको, कोकोपीटही (नारळाच्या सोडणाचा भुगा) नको.

पाणी कधी घालायचं ते मुळं सांगतात: चंदेरी दिसली की घाला, हिरवी असतील तर थांबा. पारदर्शक प्लास्टिकची कुंडी घेतली की हे सहज दिसतं. सकाळी घाला, भरपूर घाला आणि सगळं निथळू द्या. बाहेरच्या शोभेच्या चिनीमातीच्या कुंडीत साचलेलं पाणी ओतून टाका. पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर टिपून घ्या, पावसाळ्यात शेंडा तिथूनच सडतो. आरओ यंत्रातून बाहेर फेकलं जाणारं पाणी वाचवून ऑर्किडला घालणारे बरेच आहेत. त्यात क्षार जास्त असतात, त्याने फरशी पुसा.

नागपूरच्या मे महिन्यात ऑर्किड जगेल का?

डेन्ड्रोबियम जगेल, जरा काळजी घेतली तर. पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा. कूलरची दमट हवा खोलीत फिरते तिथला कोपरा चांगला. झाडाभोवती ओलं गोणपाट टांगा, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या आणि त्या महिन्यात खत बंद ठेवा. वांडा या जातीच्या ऑर्किडची मुळं उघडी लोंबतात, त्यामुळे तिथल्या कोरड्या हवेत ती फार लवकर सुकतात. मी तरी तुम्हाला वांडा सुचवणार नाही.

गडद निळं ऑर्किड आणलं होतं, पुढच्या खेपेला फुलं पांढरी आली. फसवलं का? (नाशिक)

दांड्यातून रंग सोडलेला होता. झाड पांढऱ्याच फुलांचं.

आमच्या आंब्यावर बांडगुळासारखं काहीतरी वाढलंय. पावसाच्या तोंडावर त्याला गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचे लोंबते घोस येतात. काढून टाकू का? (सिंधुदुर्ग)

मुळीच काढू नका! वर्णनावरून ती सीतेची वेणी दिसते. आसामचं राज्यफूल तेच. बिहूच्या वेळी तिथल्या बायका ते केसांत माळतात. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस शोषतं. हे ऑर्किड फांदीला नुसतं धरून बसतं आणि पावसाच्या पाण्यावर, सालीवरच्या कचऱ्यावर भागवतं. आंब्याचं काही नुकसान नाही.

वादळात फांदी पडली तर पाऊस सुरू होताना झाड काथ्याने दुसऱ्या आंब्याला किंवा फणसाला बांधा, चार महिन्यांत मुळं पकड घेतील. जंगलातून ओरबाडून रस्त्याकडेला विकायला ठेवलेली झाडं मात्र घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं, त्यात अन्नसाठा नसतो. रानात योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं आणि फुलायला वर्षं लागतात. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेली जेली), बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. त्याच वाटेने पुढे प्रयोगशाळेत रोपं तयार होऊ लागली. ती घ्या.

डेन्ड्रोबियमच्या जुन्या कांड्यांची पानं गळलीत, कापू का? आणि पांढरा कापूस कसला? (कोल्हापूर)

कांडी सुरकुतली तरी हिरवी असेल तर राहू द्या. झाडाचा अन्नसाठा तिच्यात असतो, कधी शेंड्याला फुलंही येतात. पिवळी पडून पोकळ झालेलीच कापा. तिच्यावर पिल्लू, म्हणजे छोटं रोप, फुटलं असेल तर त्याची मुळं बोटभर वाढल्यावर वेगळं लावा. खत म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून मग द्या.

पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. सर्जिकल स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा भिजवून पुसा, आठवड्याने परत पुसा. पानांच्या देठांत, कांडीच्या पापुद्र्याखाली बघा, तिथे ते लपतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर त्यांचाही बंदोबस्त करा, कारण त्याच या ढेकणांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.