तिला मालदीव का नको होतं?

साखरपुड्यानंतर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, मी काहीही सुचवलं तरी ती नको म्हणते. तिला हे लग्न मनापासून पसंत आहे ना?" जळगावला माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा चोपड्याकडचा, पुण्यात नोकरीला. मुलगी धुळ्याची, बँकेत. लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच. हनिमूनसाठी त्याने मालदीव पक्कं करत आणलं होतं. पाण्यावरचा व्हिला, पैसे हप्त्यांनी. ती म्हणायची, आपण गोव्याला जाऊ. रोज रात्री फोनवर हाच विषय, आणि शेवट अबोल्यात. त्याच्या आईचं तिसरंच. आधी वणीच्या गडावर जोडीने दर्शन घ्या, समुद्राचं काय, "तठे काय शे, पाणीच शे ना!"

तो एकटा बसला तेव्हा म्हणाला, "लाखभराचं सोडून ती गोवा मागतेय. म्हणजे माझ्यासोबत एकटं राहायचंच नाही तिला."

यातलं अर्धं खरं निघालं. मुलगी मला म्हणाली, "मी सगळं वाचलंय मॅडम. तिथे बेट म्हणजेच रिसॉर्ट. बाहेर ना बाजार, ना रस्ता. आम्ही भेटलो ते घरच्यांसमोरच. मला भीती वाटली, तिथे यांच्याशी भांडण झालं, तर मी जाऊ कुठे?"

तिची माहिती बरोबर होती. मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं आणि मालेच्या विमानतळावरून तिथे बोटीने नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जावं लागतं. एकमेकांना ओळखणाऱ्या जोडप्याला हाच एकांत हवाहवासा वाटतो. पण आपल्याकडे स्थळ आल्यापासून अक्षता पडेपर्यंत कधीकधी जेमतेम दोन-तीन महिने जातात. अशा मुलीला तो एकांत अंगावर आला, तर त्यात नवल काय? तिला नवरा नको नव्हता, त्याची ओळख व्हायला अवकाश हवा होता. हे सांगितलं तर आपल्याला बुरसटलेली ठरवतील, म्हणून ती नुसतं "गोवा, गोवा" करत राहिली.

मग दोघांना समोरासमोर बसवलं. म्हटलं, ठिकाणाचं नाव घ्यायचं नाही, तिथला एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सांगा. त्याचा दिवस दुपारच्या फोटोंपर्यंत आला आणि अडला. तिने सांगितलं: सकाळी वाळूतून चालायचं, टपरीवर चहा, भाड्याच्या स्कूटीवर फिरायचं, बाजारातून काहीबाही घ्यायचं, रात्री दमून झोपायचं. "झोपायचंच?" त्याने विचारलं. "पहिले दोन-तीन दिवस तरी," ती म्हणाली. यावर तो जे बोलला ते मला फार मोलाचं वाटतं: "मलाही त्याचंच टेन्शन होतं. मित्र ग्रुपवर काय काय लिहितात."

मी दोघांना स्पष्ट सांगितलं की शरीराच्या जवळिकीला मुदत नसते. हळद, मांडव, वरात, देवदर्शन या सगळ्या धावपळीनंतर थकलेल्या दोन माणसांनी लगेच काही सिद्ध करायचं नसतं. दोघांपैकी कुणीही "आज नको" म्हटलं की विषय तिथेच थांबतो, हे निघण्याआधी एकमेकांना बोलून दाखवा.

इथे एक सांगायलाच हवं. त्या मुलीने मला एकटीला "लग्नच नकोय" म्हटलं असतं, तर समुद्राचा विषय मी तिथेच मिटवला असता आणि पत्रिका छापण्याआधी तिच्या संमतीने दोन्ही घरच्यांशी बोलले असते. म्हणूनच मी पहिल्यांदा दोघांना वेगवेगळं भेटते.

बाकीचं मग पटापट ठरलं. नाताळ ते नववर्ष गोव्यात गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात, म्हणून जानेवारीचा दुसरा आठवडा धरला. खान्देशात तेव्हा कडाक्याची थंडी, तिकडे दुपारी तिशीच्या पुढे पारा. उत्तर गोव्याचा गोंगाट नको म्हणून दक्षिणेला काणकोणातलं पाळोळें निवडलं. तिथला किनारा चंद्रकोरीसारखा आत वळलेला आहे, पावसाळा सोडला तर पाणी बरंच शांत असतं, आणि वाळूवरून वर आलं की दुकानं, माणसं, रस्ता. भुसावळहून मंगला एक्सप्रेस कोकणातून थेट मडगावला जाते. आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं, तेवढी तारीख त्यांनी सांभाळली. आईच्या शब्दाखातर लग्नानंतर गडावरही जाऊन आले, आणि या दोन प्रवासांच्या मधे घरी निवांत राहिले.

हप्त्यांचं कर्ज त्याने घेतलंच नाही. तिने मात्र गोव्याहून आल्यावर तिच्याच बँकेत दोघांच्या नावाने आरडी उघडली आहे, मालदीवसाठी.