सात वर्षांच्या मुलीच्या घामाला वास येऊ लागतो, तेव्हा

फेब्रुवारीच्या अखेरीस एक आई आपल्या साडेसात वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. मुलीचे नाव आपण मुक्ता समजू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी बदलले आहेत आणि हा अनुभव लिहिण्यास आईवडिलांची संमती आहे. तक्रार वरवर पाहता शाळेची होती. दुसरीत शिकणारी ही चुणचुणीत मुलगी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही, असे बाईंनी कळवले होते, आणि घरी रोज सकाळी व्हॅनने जाण्यावरून रडारड सुरू झाली होती.

मुक्ता समोर बसली तेव्हा माझे लक्ष तिच्या दंडांकडे गेले. दोन्ही दंड तिने अंगाशी घट्ट आवळून धरले होते. रंगांची पेटी मी मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, तर ती उठून वळसा घालून तिथपर्यंत गेली, पण हात लांब करून पेटी घेतली नाही. फ्रॉकच्या बाहीच्या आतल्या शिवणीत पावडरीचे पांढरे गोळे साचले होते.

ती वडिलांबरोबर बाहेर गेल्यावर आई हळू आवाजात म्हणाली, "ताई, हिच्या काखेला मोठ्या माणसांसारखा वास येतो हो. व्हॅनमधली मुलं नाक धरतात. सासूबाई रोज वज्रीने घासून आंघोळ घालतात, तरी जात नाही. आता तिथे दोन-चार केसही दिसायला लागलेत." मग थोडे थांबून तिने खरी भीती सांगितली. "मला पाळी तेराव्या वर्षी आली. हिला तिसरीतच येणार का?" शेजारणीने दुधातल्या इंजेक्शनांना दोष दिल्यामुळे तिने पंधरा दिवसांपासून मुलीचे दूध आणि अंडी बंद केली होती.

ही भीती मी अनेक घरांत पाहिली आहे, आणि तिच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत असते. काखेतला वास, तेलकट त्वचा आणि काखेतले किंवा जांघेतले पहिले केस हे बहुतेक वेळा मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या स्रावांमुळे येतात. स्तनांची वाढ आणि पुढे येणारी पाळी यांची सुरुवात मात्र मेंदूकडून अंडाशयांना जाणाऱ्या संदेशांनी होते. अ‍ॅड्रिनल ग्रंथी सर्वच मुलामुलींमध्ये साधारण सहा ते आठ वर्षांच्या सुमारास जाग्या होतात आणि काहींमध्ये त्यांचा परिणाम थोडा लवकर दिसतो, विशेषतः वजन जास्त असेल तर. म्हणजे काखेला वास आला म्हणून पाळी दाराशी आली, असे होत नाही. स्तनांची वाढ सुरू झाल्यावरही पाळी यायला साधारण दोन ते अडीच वर्षे जातात.

तरीही मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले, कारण समुपदेशकाने केवळ धीर देऊन अशी मुलगी घरी पाठवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. मुलीमध्ये आठ वर्षांच्या आत आणि मुलामध्ये नऊ वर्षांच्या आत अशी लक्षणे दिसली, तर बालरोगतज्ज्ञांनी एकदा तपासलेच पाहिजे. त्यातही आठच्या आत स्तनांची वाढ, नऊच्या आत मुलाच्या वृषणांची वाढ, रक्तस्राव, एकाएकी झपाट्याने वाढलेली उंची, घोगरा झालेला आवाज, किंवा सोबत डोकेदुखी आणि नजरेची तक्रार असेल, तर दिवस घालवू नयेत. खरोखरच वेळेआधी वयात येणाऱ्या मुलांची हाडे लवकर पक्व होतात, सुरुवातीला उंच वाटणारे मूल पुढे बुटके राहू शकते, आणि त्यावर उपचार उपलब्ध आहेत.

मुक्ताच्या डॉक्टरांनी उंचीच्या जुन्या नोंदी पाहिल्या, डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय, म्हणजे हाडे किती पक्व झाली आहेत, ते तपासले आणि रक्ताच्या चाचण्या केल्या. स्तनांची वाढ नव्हती. वर्षभरात उंची सहा सेंटिमीटर वाढली होती, जे या वयाला साजेसेच आहे. हाडांचे वय किंचित पुढे होते, रक्तात काळजीचे काही नव्हते. औषध नको, दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन पाहू, असे त्यांनी सांगितले. दूध आणि अंडी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. वाढत्या मुलीच्या ताटातून ती काढून घेतल्याने ग्रंथींचे काम थांबत नाही.

माझे खरे काम इथून पुढे होते. मुक्ताला मी सांगितले की घामाला मुळात जवळजवळ वास नसतो. त्वचेवर सगळ्यांच्याच असणारे बारीक जंतू तो घाम खातात आणि त्यातून वास तयार होतो. ती बराच वेळ विचार करत होती. मग तिने विचारले, "डॉक्टरकाकांच्या काखेत पण जंतू आहेत?" आहेत, म्हटल्यावर तिने पहिल्यांदा दंड सैल सोडले.

आजींना समजावणे अवघड जाईल असे मला वाटले होते. घासून त्वचा सोलली की आग होते आणि वास कमी होत नाही, हे मी सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं. वास म्हणजे मळ, एवढंच माहीत." वज्री टाचांपुरती राहिली. सकाळ-संध्याकाळ साध्या साबणाने काख धुऊन पूर्ण कोरडी करायची, आत सुती बनियन, आणि गणवेश रोज धुताना बाहीखालचा भाग आधी साबण लावून चोळायचा, कारण कृत्रिम धाग्याच्या कापडात वास धुतल्यावरही टिकतो. सौम्य डिओडरंट डॉक्टरांना विचारून वापरायला हरकत नाही; पावडरीचे मात्र घामात गोळे होतात. आणि मुलीसमोर नाक मुरडायचे नाही, "जा, आधी आंघोळ करून ये" असे चारचौघांत म्हणायचे नाही, हे मी घरातल्या प्रत्येकाकडून कबूल करून घेतले.

बाईंनी वर्गात स्वच्छतेचा पाठ घेण्याची तयारी दाखवली होती. तो घेऊ नका, अशी मी विनंती केली, कारण पाठ कुणासाठी आहे हे चाळीस मुलांना लगेच कळले असते. त्याऐवजी चिडवणाऱ्या तीन मुलांशी त्या स्वतंत्रपणे बोलल्या.

सप्टेंबरमध्ये दुसरी तपासणी झाली. उंची तीन सेंटिमीटर वाढली होती. दुपारनंतर वास थोडा येतो, अजूनही. पाळीविषयी बोलायला कधी सुरुवात करू, असे आईने विचारले, तेव्हा मी सांगितले की ती विचारेल त्या दिवशी, आणि नववे सरेपर्यंत तिने विचारले नाही तर आपण होऊन. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना मुक्ताने पॅडचे पाकीट उचलून हे काय आहे असे विचारले. आजी शेजारीच घड्या घालत बसल्या होत्या. आईने सुनेच्या संकोचाने एकदा त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी "सांग की" म्हटले, आणि तिघी तिथेच पलंगावर बसल्या.