फोनवर जुने स्पेस शूटर जमत नाहीत. हातातलं वेगळं कन्सोल घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: फोनवर एम्युलेटर (जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारं ॲप) टाकून ग्रेडियस, म्हणजे अंतराळात जहाज उडवत गोळ्या झाडायचा जुना गेम, लावलं, पण पहिल्या पातळीच्या शेवटी ज्वालामुखी दगड फेकायला लागले की तिथेच गाडी अडते. दोष तुमचा की फोनचा? आणि हातात धरायचं छोटं कन्सोल घेतलं तर त्यावर काय खेळावं?

दोष काचेचा. शूटरमध्ये डावा अंगठा क्षणभरही थांबत नाही, आणि काचेवर बटणाची कड लागत नसल्याने तो हळूहळू सरकत जातो. मग तो कुठे गेला ते बघायला नजर खाली जाते, आणि तेवढ्यात जहाज गेलं. त्यात आपल्या गोव्यातला जून ते सप्टेंबर! अंगठा चिकटतो तरी किंवा घसरतो तरी. ब्लूटूथ कंट्रोलर जोडला तर खरी बटणं मिळतात, पण थोडा उशीरही सोबत येतो. हे गेम सेकंदाला साधारण 60 फ्रेम (चित्रं) दाखवतात, म्हणजे एक फ्रेम जेमतेम 16.7 मिलिसेकंदांची. तीन-चार फ्रेमचा उशीर शेतीच्या गेममध्ये कळणारही नाही, इथे तो सरळ जीव घेतो. तेव्हा परवडत असेल तर कन्सोल घ्या.

अपवाद एकच, गॅलागा (1981). आर्केडमध्ये (नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर) त्याचा पडदा उभा होता, 224 बाय 288 पिक्सेलचा, त्यामुळे फोन उभा धरला की चित्र छान बसतं. जहाज फक्त डावी-उजवीकडे जातं, म्हणून टचवरही निभतं. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जाताना एक डाव सहज होतो. फक्त टर्बो फायर (बटण दाबून धरलं की आपोआप भराभर गोळ्या सुटणं) लावून काही मिळणार नाही: या गेममध्ये एका जहाजाच्या दोनच गोळ्या एका वेळी पडद्यावर असू शकतात. त्या हुकल्या तर वर पोचेपर्यंत गप्प बसायचं. नेम धरून मारणं हाच तिथला खेळ आहे.

आता कन्सोल. आन्बर्निक किंवा मियू या कंपन्यांचं 3.5 इंची, 640 बाय 480 पडद्याचं यंत्र या कामाला पुरतं. जास्त पैसे घालू नका. मात्र घेतल्या घेतल्या सेटिंगमध्ये जाऊन ‘इंटिजर स्केल’ (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणं) चालू करा. गेमबॉय या निन्टेंडोच्या जुन्या हातातल्या कन्सोलचा पडदा 160 बाय 144 चा. तिप्पट केला की 480 बाय 432 होतो आणि मूळचा प्रत्येक ठिपका नेमका तीन बाय तीनचा चौकोन बनतो. हे न करता चित्र पूर्ण पडदाभर ताणलं तर काही ठिपके जाड होतात, काही बारीक. स्थिर चित्रात ते खपून जातं, पण शूटरमध्ये मागचं तारांगण सतत सरकत असतं, त्यामुळे तारे लुकलुकायला लागतात आणि गोळी चालता चालता जाड-बारीक होते. कडेच्या काळ्या पट्ट्या पत्करल्या.

खेळायचं काय, याबद्दल माझं मत जरा हट्टी आहे. आर्केडचे मोठे गेम छोट्या पडद्यात कोंबण्यापेक्षा छोट्या पडद्यासाठीच बनवलेले गेम खेळा. मूळ गेमबॉयच्या पडद्यावर वेगाने हलणारी वस्तू पुसट होऊन मागे शेपूट सोडायची. त्यासाठी बनवलेल्या गेममध्ये शत्रू ठसठशीत आणि गर्दी बेताची ठेवणंच शहाणपणाचं होतं, म्हणून ते आजही लहान पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. सोलर स्ट्रायकर (1990) सुरुवातीला उत्तम. मग ग्रेडियस: द इंटरस्टेलर असॉल्ट (1991). युरोपात तोच नेमेसिस 2 या नावाने विकला गेला, शोधताना गोंधळू नका. आर-टाइप आवडत असेल तर गेमबॉय कलरवरचा आर-टाइप डीएक्स (1999) घ्या, त्यात पहिला आणि दुसरा दोन्ही भाग रंगीत आहेत.

गेमबॉय ॲडव्हान्सवरचा ग्रेडियस गॅलक्सीज (2001) तुमच्या ओळखीच्या ग्रेडियसला सगळ्यात जवळचा. त्या काळच्या ॲडव्हान्सच्या पडद्यामागे दिवाच नव्हता, म्हणून तिथले बरेच गेम मुद्दाम भडक उजळ रंगांत केलेले असायचे. आजच्या पडद्यावर ते फिके, धुतल्यासारखे दिसतात. एम्युलेटरमधलं ‘कलर करेक्शन’ लावलं की ताळ्यावर येतात.

रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवायच्या ॲपमध्ये ‘रन-अहेड’ नावाची सोय आहे. बटण दाबल्यावर गेम स्वतःही एखाद-दोन फ्रेम घेतो. एम्युलेटर तेवढं आधीच गणित करून पुढची फ्रेम दाखवतो. आकडा 1 ठेवा, वाढवत गेलात तर जहाज झटके खात हलतं.

उलट, गेमचा वेग सुधारायच्या भानगडीत पडू नका. स्पेस इन्व्हेडर्समध्ये (1978) 55 परग्रहवासी असतात. ते मरत जातात तसं चित्र काढायचं काम कमी होतं, म्हणून उरलेले अधिकाधिक वेगाने धावतात. म्हणजे यंत्राचा अशक्तपणाच गेमचा जीव झाला. सुपर निन्टेंडो या जुन्या कन्सोलवरच्या ग्रेडियस 3 मध्येही गर्दी झाली की सगळं संथ होतं, आणि त्या संथपणातच गोळ्या चुकवता येतात. ओव्हरक्लॉक करून (एम्युलेटरमधला प्रोसेसर मुद्दाम जास्त वेगाने पळवून) तो काढलात तर गेम नुसता छळतो.

सेव्ह स्टेट (खेळ आहे त्या क्षणी जतन करणं) मी पातळीच्या सुरुवातीलाच करतो. ग्रेडियसमध्ये मेलं की कमावलेली सगळी शस्त्रं जातात. ती पुन्हा जमवायची धडपड टाळायला दर दहा सेकंदांनी सेव्ह करत बसलं तर मग खेळायचं कशाला?

रॉमबद्दल, म्हणजे एम्युलेटरला लागणाऱ्या गेमच्या फाइलबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. साइटवरून उतरवलेले व्यावसायिक गेम बहुतेक बेकायदा असतात. गोव्यात बोटीवर किंवा आखातात नोकरी केलेल्यांच्या घरी जुनी कार्ट्रिजं (कन्सोलमध्ये खुपसायच्या गेमच्या डब्या) अजून निघतात. ती मिळाली तर कार्ट्रिज रीडर लावून स्वतःच रॉम काढता येतो. आधी संपर्काच्या सोनेरी पट्ट्या बघा, खाऱ्या हवेने काळवंडलेल्या असतात. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ त्यावर बसते. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कान साफ करायच्या काडीला लावून पुसा, दुसऱ्या काडीने कोरडं करा, मगच रीडरमध्ये घाला.